‘नाशिक दर्शन’ नावाची धावपळ

नाशिक पाहून आलेल्या गृहस्थास त्याने काय काय पाहिले हे विचारण्यात अर्थ नाही. ती यादी त्याला तोंडपाठ असते: रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, मुक्तिधाम, पांडवलेणी; आणि वेळ उरलाच तर सोमेश्वर. त्याला एवढेच विचारावे की, गोदावरी नाशकात कोणत्या दिशेने शिरते आणि रामकुंडापाशी कोणीकडे वळते? बहुतेक गृहस्थ ह्या प्रश्नाने गडबडतात, आणि काही तर रागावतात. पश्चिमेकडून येणारी नदी जेथे दक्षिणवाहिनी होते, म्हणून पूर्वजांनी जे स्थळ पवित्र मानले आणि जेथे घाटाची पायरी पायरी जोडली, ते वळणच त्यांच्या दृष्टीस पडलेले नसते. देवळे दिसली, शहर दिसले नाही. कुंड दिसले, नदी दिसली नाही. तरीही ह्या प्रकाराला आपण ‘दर्शन’ असे भारदस्त नाव देतो.

आम्ही पिंपळगाव बसवंतची माणसे. नाशिक आमच्यापासून सुमारे ३० किलोमीटर. आमच्या गावी पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार ठरते, घरातील लहानथोर तीत कोंबले जातात, आणि ओझर, दहावा मैल, आडगाव अशी गावे काचेबाहेरून मागे टाकीत मंडळी पंचवटीत उतरतात. मोटार कोठे उभी करावी ह्या विवंचनेत अर्धा तास जातो. पुढे चार तासांत सात-आठ ठिकाणे उरकली जातात, प्रत्येक ठिकाणी छायाचित्र काढले जाते, आणि दिवेलागणीच्या आत सर्वजण घरी परततात. रात्री जेवताना पाहुणा म्हणतो, “नाशिक झाले.” हा ‘झाले’ शब्द फार बोलका आहे. काम उरकावे, औषध घ्यावे, कर्ज फेडावे, त्या जातीचा हा शब्द आहे. एखादे गाव डोळे भरून पाहिलेल्या माणसाच्या तोंडी तो येत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. टेकड्यांवर वसलेले आणि नदीने दुभागलेले शहर पाहण्याची साधने तीनच: तेथील माणसांचे सार्वजनिक वाहन, तेथील चढउतारांवर चालणारे आपले पाय, आणि तेथील नदी. ज्या शहराने ही तिन्ही आपल्या रहिवाशांकरिता नीट राखली, त्याला पाहुण्यांकरिता निराळे काही मांडावे लागत नाही. ज्याने ती राखली नाहीत, त्याने दर्शनाच्या कितीही गाड्या सोडल्या तरी त्याच्यापाशी दाखवण्यासारखे दिवसेंदिवस कमीच उरत जाणार. हा वाद रसिकतेचा वाटेल. वस्तुतः तो नागरिकांच्या हक्काचा आणि सार्वजनिक पैशाचा आहे.

प्रथम टेकड्यांचे पाहू. नाशिक ह्या नावाच्या दोन व्युत्पत्ती लोक सांगतात. शूर्पणखेची नासिका येथे कापली गेली म्हणून नाशिक, ही एक. आणि गाव नऊ शिखरांवर वसले म्हणून ‘नवशिख’, त्याचे नाशिक, ही दुसरी. भाषाशास्त्राच्या कसोटीवर कोणती उतरते हा प्रश्न निराळा. परंतु पाहुण्यांस नाकाचीच गोष्ट सांगितली जाते आणि शिखरे कोणी मोजत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कारण नाकाची गोष्ट मोटारीत बसूनही ऐकता येते. शिखरे मोजावयाची तर चढावे लागते. जुनी गढी, नवी गढी, सोनारअळी, डिंगरअळी, चित्रघंटा ही नावे ज्याच्या पायांना ठाऊक नाहीत, त्याला जुने नाशिक ठाऊक नाही. सराफ बाजारातून वर चढावे, पेशवेकालीन सरकारवाड्यापुढे क्षणभर थांबावे, तिळभांडेश्वराच्या गल्लीत शिरून सावरकर बंधूंच्या अभिनव भारताची जागा पाहावी, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी ज्या विजयानंद नाटकगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्याची चौकशी करावी. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालयही ह्याच गावचे. ह्या फेरीस कोठेही तिकीट पडत नाही, आणि कदाचित त्यामुळेच ती कोणत्याही दर्शनाच्या यादीत आढळत नाही.

नदीकाठच्या जुन्या गढीची कथा तर ह्याहून शोचनीय आहे. काझीची गढी म्हणून लोक जिला ओळखतात, ती मातीची टेकडी म्हणजे ह्या शहराचे जन्मपत्र होय. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक व जोर्वे येथे उत्खनन केले, तेव्हा ह्या मातीच्या पोटातून ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर उजेडात आले. पुराणकथेला पुरावा लागत नाही. इतिहासाला लागतो, आणि तो येथे हाताशी होता. पण त्या गढीवर आज दाटीने घरे आहेत. पावसाळ्यात तिची माती ढासळते, तेथील कुटुंबांना हलण्याच्या नोटिसा येतात, संरक्षक भिंतीची चर्चा होते, आणि पाऊस ओसरला की चर्चाही ओसरते. पाहुण्यांची मोटार ह्या गढीजवळ फिरकत नाही. जे कोणी पाहावयास येत नाही ते राखण्याची निकड कोणाला भासत नाही, आणि जे राखले जात नाही ते पाहण्यास कोणी येत नाही. दर्शनाची यादी ही निरुपद्रवी वस्तू आहे असे मानणाऱ्यांनी ह्या दुष्टचक्राचा विचार करावा. कोणती जागा जगावी आणि कोणती ढासळू द्यावी, हे ती यादी नकळत ठरवीत असते.

‘दर्शन’ ह्या शब्दाचीच गोष्ट निघाली म्हणून आणखी एक सांगतो. काळारामाचे देऊळ अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधविले. त्याच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या नाशिकच्या कार्यकर्त्यांनी तो पुढे काही वर्षे चालविला. हजारो स्त्रीपुरुषांनी दर्शनाचा हक्क मागितला आणि मार खाल्ला. ज्या नगरीत ‘दर्शन’ ह्या शब्दाची एवढी किंमत माणसांनी मोजली, तेथे आपण पाच मिनिटांत मूर्ती पाहून, दाराकडे न पाहता, पुढच्या ठिकाणाची घाई करतो. मूर्तीपुढे हात जोडण्याइतकेच त्या दरवाजापुढे मान लववणे हेही दर्शनच आहे, हे आपल्या मुलांना कोण सांगणार? गाडीचालकाला तशी सवड नसते. ती आईबापांनी काढावी लागते.

आता वाहनाकडे वळू. पंचवटीतील आणि नदीपलीकडील मुख्य स्थळे पायी जाण्याच्या अंतरात आहेत. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, नारोशंकराचे देऊळ आणि पूल ओलांडून सुंदरनारायण, ही सारी एका सकाळच्या पायी फेरीत आरामात बसतात. एवढ्यासाठी मोटार नेणे म्हणजे वाड्याच्या ओसरीवरून माजघरात जाण्यास टांगा जुंपण्यासारखे आहे. तपोवन, पांडवलेणी, नाशिकरोड ही ठिकाणे मात्र दूर आहेत. तेथे वाहन हवे. ते शहरात आहे. पूर्वी राज्य परिवहन मंडळ शहरात बस चालवीत असे. जुलै २०२१ पासून महानगरपालिकेच्या परिवहन महामंडळाची ‘सिटीलिंक’ बस धावते. पिंपळगावहून एस. टी.ने निमाणीच्या स्थानकावर उतरावे आणि तेथून शहराची बस धरावी, इतका हा मार्ग सरळ आहे.

कोणी म्हणेल, बसमध्ये काय पाहावयाचे? आम्ही म्हणतो, मोटारीतून जे दिसत नाही ते सारे. बसमध्ये सातपूरच्या कारखान्यातून परतणारा कामगार असतो, देवीला निघालेली म्हातारी असते, भाजीची पाटी घेतलेली बाई असते, आणि महाविद्यालयातील मुलांची वात्रट टोळी असते. थांब्यांची नावे कानांवर पडतात आणि शहराचा नकाशा हळूहळू मनात उमटतो. उंच खिडकीतून चढ जाणवतो, उतार जाणवतो, आणि पुलावर गाडी आली की नदीचे पात्र दोन्ही बाजूंना एकदम उघडते. मोटारीत माणूस आपले घरच बरोबर घेऊन हिंडतो. तेच गाणे, तेच खाणे, तेच कुटुंबातील रुसवेफुगवे. बसमध्ये तो क्षणभर त्या गावचा होतो. परगाव पाहण्याचे प्रयोजन ह्याहून निराळे काय असू शकते?

बसच्या उणिवा आम्हांस ठाऊक आहेत. ती वेळेवर येत नाही, गर्दी असते, रात्री लवकर संपते. पण ह्या उणिवांचा अर्थ ‘म्हणून मोटार घ्या’ असा काढणे ही सुखवस्तू माणसाची पळवाट आहे. बोलणारी, पत्र लिहिणारी, अधिकाऱ्यांच्या दारात उभी राहणारी माणसे मोटारीत जाऊन बसली की बसच्या तक्रारीला वाणीच उरत नाही. ज्यांना दुसरा उपाय नाही ते मुकाट्याने फलाटावर उभे राहतात. आपण मध्यमवर्गीयांनी बस सोडली तेथूनच तिची आबाळ सुरू झाली, हे कटु असले तरी सत्य आहे.

ह्या संदर्भात नाशिकच्या ट्रामचे स्मरण करणे उचित होईल. नाशकात एके काळी ट्राम होती, हे ऐकून आजच्या तरुणांस नवल वाटते. रेल्वेचा मार्ग गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर गेला, आणि उतारूंस स्टेशनावरून गावात येण्याची पंचाईत झाली. म्हणून १८८९ च्या सुमारास अडीच फूट रुंदीच्या रुळांवर ट्राम घालण्यात आली. मेनरोडवरील जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिकरोडच्या स्टेशनापर्यंत ती जाई. आरंभी तिचे डबे घोडे ओढीत. मध्यंतरीचा प्रदेश त्या काळी रानाचा होता. दुष्काळ आणि प्लेग यांनी तिचे उत्पन्न खाल्ले, वर्षानुवर्षे तोटा साचला, आणि १९३३ च्या सुमारास ती कायमची थांबली.

ही ट्राम कोणी ‘दर्शना’साठी घातली नव्हती, हा तिच्या कथेतील महत्त्वाचा मुद्दा आहे. यात्रेकरू तीत बसत, परंतु वकील, व्यापारी, विद्यार्थी यांच्या शेजारी बसत. पाहुण्याला शहर दिसे ते शहराच्या रोजच्या कामाच्या ओघात. मुंबईची ट्राम १८७४ मध्ये घोड्यांवर सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री संपली. तिच्यातून गिरगाव, परळ, दादर पाहिलेल्या माणसांनी कधी ‘मुंबई दर्शन’ केले नसेल, पण मुंबई त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. कलकत्त्याची ट्राम १८७३ पासूनची. एका वारसामार्गाखेरीज ती आवरती घेण्याचा मनोदय बंगाल सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला. म्हणजे रहिवाशांची ट्राम जावयाची आणि हौशी पाहुण्यांकरिता तिचे खेळणे तेवढे उरावयाचे! रोजची नोकरी सुटली की वाहनाचे प्रदर्शन होते, ह्याचे हे ताजे उदाहरण.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पोर्तुगालची राजधानी लिस्बन हे टेगस नदीच्या मुखाशी टेकड्यांवर वसलेले शहर. तेथील अठ्ठावीस क्रमांकाची ट्राम जुन्या वस्तीच्या अरुंद, चढणीच्या गल्ल्यांतून जाते. तिची कीर्ती इतकी झाली की, आज तीत पाहुणेच खचून भरलेले असतात आणि चढावर राहणाऱ्या म्हाताऱ्यांना बाजाराची पिशवी घेऊन आत शिरणे दुरापास्त होते. सार्वजनिक वाहन पाहुण्यांनी गिळले म्हणजे काय होते, हे तेथे दिसते. तेव्हा आमचा आग्रह भाबडा नाही. पाहुण्याने सार्वजनिक वाहनातून जावे. परंतु ते वाहन आधी रहिवाशाला पुरावे आणि मग पाहुण्याला, हा क्रम बदलता कामा नये. एका प्रसिद्ध मार्गावर सारे लोटण्यापेक्षा दहा साध्या मार्गांवर पुरेशा गाड्या असणे, हाच त्यावर उपाय आहे.

नाशिककरांच्या कानांवर मोठी स्वप्ने नेहमीच येतात. १ फेब्रुवारी २०२१ रोजी सादर झालेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या ‘मेट्रो निओ’साठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. टायरांवर धावणारी ही नवी मेट्रो देशातली पहिली ठरेल अशी वाखाणणी झाली; पुढे वर्षे लोटली, पण तिच्यातून प्रवास करण्याचा योग नाशिककरांस आला नाही. आम्ही मोठ्या योजनांचे वैरी नाही. परंतु घोड्यांची ट्राम ज्या गावाने चाळीस-पंचेचाळीस वर्षे चालविली, त्या गावाला पाच-दहा मिनिटांनी येणारी साधी बस मिळू नये आणि आकाशातल्या गाडीची चित्रे मात्र मिळावीत, ह्यातील विसंगती कोणालाही समजेल.

राहता राहिली होडी; आणि येथे आमच्या वादाचे मर्म आहे. नदीकाठच्या शहराचा खरा चेहरा पाण्यावरून दिसतो. घाटावर उभे राहून आपल्याला फक्त समोरचा घाट दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात व्हिक्टोरिया पूल झाला. आज त्यास अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. त्यापूर्वी पावसाळ्यात होडीखेरीज नाशिक आणि पंचवटी यांची गाठ पडत नसे. पूल झाला ते बरेच झाले. आम्ही पुलाविरुद्ध तक्रार करीत नाही. परंतु होडी गेली तेव्हा तिच्याबरोबर नदीशी रोजचा व्यवहारही गेला. आता होडी मिळालीच तर ती करमणुकीची. बांध घालून अडविलेल्या पाण्यात दोन फेऱ्या माराव्यात आणि उतरावे. पणजीहून मांडवी ओलांडून बेतीला जाणारी फेरीबोट ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा फरक कळेल. ती कामावर जाणाऱ्यांनी भरलेली असते. तीत उभे राहून पणजीची टेकडी आणि नदीकाठचे गाव जसे दिसते, तसे कोणत्याही सहलीच्या जहाजातून दिसत नाही.

गोदावरीत रोजची होडी का चालू शकत नाही, ह्याचे उत्तर नदीच्या दुर्दशेत आहे. १९६५ मध्ये गंगापूरचे धरण पुरे झाले, आणि तेव्हापासून शहरातील पात्रात पाणी किती असावे हे बव्हंशी माणसाच्या हाती गेले. सांडपाण्याचे नाले पात्रात मिळाले. रामकुंडाच्या परिसरात तळालाच काँक्रीटचा थर दिला गेला. जुनी कुंडे आणि जिवंत झरे त्याखाली गाडले गेले अशी जाणत्या नागरिकांची तक्रार आहे, आणि काही भागातील काँक्रीट काढण्याचे कामही पुढे हाती घ्यावे लागले. गोदावरीच्या प्रदूषणाविरुद्ध २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करण्याची पाळी नागरिकांवर आली. ज्या नदीत पापे धुण्यास लोक देशभरातून येतात, त्या नदीला स्वतःच्या शुद्धीसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली! होडी ही नदीची परीक्षा आहे. होडीत बसलेले मूल पाण्यात हात घालू लागले, आणि आईने तो झटकन मागे ओढला, तर त्या शहराचे दर्शन तेथेच संपले असे समजावे.

नदी मात्र आपले दर्शन अधूनमधून स्वतःच देते. पुराच्या दिवसांत नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी त्याच्या पायाशी आले, कमरेला लागले, छातीपर्यंत चढले, ही आमच्या भागातील पुराची मापे आहेत. वसईच्या विजयाची आठवण सांगणारी नारोशंकराची घंटा ही त्यापुढची खूण. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीने ही मापे सर्वांस पुन्हा शिकविली. पात्रात बांधकाम, काठावर भराव आणि तळाला काँक्रीट घालणाऱ्या शहराला नदी वळण विसरलेली नाही, हे त्या दिवसांत कळते. नदीचे वळण शिकण्याची दोनच ठिकाणे आहेत: एक होडी आणि दुसरा पूर. पहिले ठिकाण आपण बंद केले, म्हणून दुसऱ्या शाळेत जाणे भाग पडते.

ह्यावर पिंपळगावच्या माणसाने एवढे का बोलावे, असे नाशिककर विचारतील. त्याचे उत्तर साधे आहे. नाशिक सोडून गोदावरी जाते ती आमच्याच निफाड तालुक्यात. सायखेडा, चांदोरी करीत ती नांदूर मध्यमेश्वरी कादवेला भेटते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे बांधलेल्या बंधाऱ्यामागे थांबते. त्या पाणथळीला २०२० मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. महाराष्ट्रात तो मान प्रथम तिलाच मिळाला. दूरदेशींचे पक्षी हिवाळ्यात तेथे उतरतात, आणि त्याच पाण्यावर कालव्यांतून शेते भिजतात. पाहुणा नाशकात जे मागे टाकून जातो, ते सारे ह्या पाण्यातून आमच्या दारी येते. तेव्हा नदीविषयी बोलण्याचा हक्क आम्हांस कोणी बहाल करण्याची गरज नाही. तो उताराने आपोआप आलेला आहे.

आमच्या प्रतिपक्षाचे आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. पहिला आक्षेप म्हाताऱ्यांचा: त्यांना चढवत नाही, बसमध्ये उभे राहवत नाही. आक्षेप खरा आहे. परंतु घरोघरचे बहुतेक म्हातारे मोटारवाले नाहीत. २०२२ मध्ये राज्य सरकारने पंचाहत्तरी उलटलेल्यांस एस. टी.चा प्रवास विनामूल्य केला, आणि २०२३ मध्ये स्त्रियांना अर्धे तिकीट केले, त्यानंतर एस. टी.च्या गाड्यांत कोणती माणसे दिसू लागली ते पाहावे. वर्षानुवर्षे उंबरठ्याबाहेर न पडलेल्या आज्या देवदर्शनास निघाल्या. म्हाताऱ्यांची चिंता खरोखर असेल तर बसची पायरी खाली आणावी, थांब्यावर बाक आणि सावली द्यावी, घाटाच्या पायऱ्यांना कठडा बसवावा. म्हाताऱ्यांना ढालीसारखे पुढे करून मोटारीचा पक्ष मांडू नये.

दुसरा आक्षेप वेळेचा. एका दिवसात सर्व काही कसे पाहावे? आम्ही विचारतो, एका दिवसात सर्व काही पाहावे असा नियम कोणी केला? सकाळी पंचवटी आणि जुने गाव पायी पाहावे. पांडवलेणी पुढच्या खेपेस ठेवावी. त्या चोवीस लेण्यांत गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राचा पराक्रम जेथे कोरवून ठेवला आहे, त्या एका लेण्यापुढे तासभर बसावे. दोन हजार वर्षे थांबलेला लेख आपल्याकरिता आणखी सहा महिने थांबेल.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि तो आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. रिक्षावाले, मोटारवाले, मार्गदर्शक यांनी काय खावे? त्यांच्या पोटावर पाय आणण्याची आमची इच्छा नाही. बसने आलेल्या पाहुण्यालाही तपोवनापर्यंत रिक्षा लागते. जुन्या गावाच्या टेकड्या दाखविण्यास जाणता वाटाड्या लागतो, आणि घाईत नसलेला पाहुणा भांडीबाजारात, बोहोरपट्टीत, चहाच्या दुकानात चार पैसे अधिक सोडतो. मोटारीने येऊन मोटारीने जाणाऱ्याचा पैसा बराचसा इंधनातच जळतो.

हे सर्व आजच लिहिण्याचे कारण सिंहस्थ. २०१५ नंतरचा हा सिंहस्थ २०२६-२७ मध्ये येतो, आणि सिंहस्थ म्हटला की नाशकात पैशाचा पूर येतो. घाट वाढवावेत, रस्ते रुंद करावेत, नवी शोभिवंत वाहने आणावीत अशा योजनांची रेलचेल होते. साधुग्रामाकरिता तपोवनातील झाडे तोडण्याच्या बेतावरून २०२५ च्या अखेरीस नागरिकांना रस्त्यावर यावे लागले. ज्या वनात राम राहिला म्हणून आपण पाहुण्याला नेतो, त्या वनातील झाडेच पाहुण्याच्या सोयीसाठी तोडावयाची, ह्याहून ‘दर्शना’च्या हव्यासाचे विपरीत टोक कोणते? वन गेल्यावर तेथे फलक लावावा लागेल की, येथे पूर्वी तपोवन होते.

प्रत्येक खर्चाला आमची एकच कसोटी लावावी. यात्रा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ही वस्तू कोणाच्या उपयोगी पडेल? रात्री दहा वाजता निमाणीहून पिंपळगावकडे सुटणारी बस उपयोगी पडेल. फुलांच्या माळा घातलेली सहलीची गाडी पडणार नाही. गढीची भिंत आणि तेथील कुटुंबांना दिलेली पक्की घरे उपयोगी पडतील. कमान पडणार नाही. नाल्याचे पाणी शुद्ध करणारे केंद्र उपयोगी पडेल. नदीच्या तळावर ओतलेला आणखी एक काँक्रीटचा थर उपयोगी पडणार तर नाहीच, पण पुढचा पूर त्याचे भाडे वसूल करील. जुन्या गावाच्या गल्ल्यांच्या तोंडाशी टेकडीचे नाव आणि तिची दोन ओळींची हकीकत सांगणारी पाटी लावण्यास कोटी रुपये लागत नाहीत. लागते ती आपल्या गावाबद्दलची थोडी ओढ.

आणि सरकारने काही केले नाही तरी आपल्या हाती काही आहे. पिंपळगावच्याच अंगणात वि. वा. शिरवाडकरांचे बालपण गेले. शिक्षणासाठी ते नाशकास गेले आणि पुढे मराठीचे कुसुमाग्रज झाले. नाशिक त्यांना कोणी चार तासांत दाखविले नव्हते. ते त्या गावात चालले, राहिले, नदीकाठी वाढले. प्रत्येकाला तेवढे आयुष्य नाशकात काढता येणार नाही, हे उघड आहे. परंतु येत्या सुट्टीत पाहुण्यांना घेऊन एस. टी.ने जाणे, काळारामाच्या दारापाशी मुलांना १९३० ची गोष्ट सांगणे, एखादी तरी टेकडी चढणे, आणि रामकुंडापाशी उभे राहून नदी कोणीकडे वळते ते त्यांच्याकडूनच ओळखून घेणे, इतके प्रत्येक कुटुंबास शक्य आहे. ज्या मुलाला नदीचे वळण माहीत आहे, ते मोठेपणी त्या नदीत भराव घालू देणार नाही. ज्याला फक्त यादी माहीत आहे, ते भरावावर उभे राहून छायाचित्र काढील. ह्या दोहोंपैकी कोणता नागरिक आपल्याला हवा, ते आपण ठरवावयाचे आहे.